बंदूक केव्हा होते?

छंद म्हटला की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे पोस्टाची तिकिटे येतात, कुंड्यांतील गुलाब येतात, फार तर होमिओपॅथीचे पुस्तक वाचून शेजाऱ्यापाजाऱ्यांना साखरेच्या गोळ्या वाटणारे एखादे हेडक्लार्क येतात. घरच्या घरी रायफल तयार करणे हाही एक छंद असू शकतो, ही कल्पना आपल्याला सहसा सुचत नाही. अमेरिकेत मात्र तो चांगला रुळलेला आहे. कोणी मोडीत काढलेल्या जुन्या सैनिकी रायफलींचे सुटे भाग मागवितो. कोणी बंदुकीचा मुख्य सांगाडाच अर्धवट घडविलेल्या स्थितीत विकत घेतो, आणि सुटीच्या दिवशी उरलेले काम आपल्या हाताने उरकून, बाकीचे भाग बसवून हत्यार पुरे करतो. अशा अर्धवट सांगाड्याला बाजारात 'ऐंशी टक्के' म्हणतात. नाव व्यापाऱ्यांनी दिलेले आहे. कायद्याच्या पुस्तकात अशी टक्केवारी कोठे नाही.

या छंदामागील आनंद आम्ही समजू शकतो. ज्याचा सारा दिवस कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकविण्यात जातो, त्याला हाताने घडविलेल्या वस्तूचा हेवा वाटणे स्वाभाविक आहे. सुतार संध्याकाळी चौरंगाकडे बोट दाखवू शकतो. लिपिकाने कशाकडे दाखवावे? धातू घासता घासता बोटांना येणारे शहाणपण, दोन भाग केसाच्या अंतरानेही न चुकता एकमेकांत बसले म्हणजे होणारे समाधान, ही सुखे खोटी नाहीत. शिवाय त्या देशात या छंदाला एका जुन्या अभिमानाची जोड आहे. १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यांच्या राज्यघटनेत नोंदलेला आहे, आणि आपले शस्त्र आपणच घडविणारा नागरिक कोणाचा मिंधा राहत नाही, अशी तेथील पुष्कळांची श्रद्धा आहे. ती आपल्याला पटो वा न पटो, तिची टवाळी करून प्रश्न सुटत नाही.

प्रश्न त्या 'ऐंशी' या आकड्यात आहे. १९६८ च्या अमेरिकन कायद्याने बंदुकीचा मुख्य सांगाडा हीच बंदूक मानली. क्रमांक त्याच्यावर कोरावयाचा, विक्रीची नोंद त्याची ठेवावयाची, गिऱ्हाइकाची चौकशी त्याच्यासाठी करावयाची. नळी, दस्ता, घोडा हा सारा नुसता माल. मग सांगाडाच अपुरा असेल तर? तर तो धातूचा एक तुकडा. त्याला क्रमांक नाही, चौकशी नाही, नोंदवही नाही. आणि स्वतःच्या वापरासाठी तो पुरा करणाऱ्याला त्या देशाच्या केंद्रीय कायद्याने क्रमांकाची सक्ती केली नव्हती. म्हणजे वस्तू विकली गेली तेव्हा ती बंदूक नव्हती, आणि ती बंदूक झाली तेव्हा ती कोणी विकली नाही. दोन्ही विधाने खरी. तरीही त्यांच्यामधून एक रायफल या जगात आली.

२०२२ मध्ये तेथील खात्याने नियम केला की सहज पुऱ्या होऊ शकणाऱ्या अशा संचांनाही बंदूकच समजावे. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हा नियम मुळातूनच बेकायदा आहे हे म्हणणे न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळले. न्या. नील गॉर्सच यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्रात व्याकरणाचा एक मार्मिक विचार आहे. माणसाने बनविलेल्या वस्तूंची नावे आपण त्या पुऱ्या होण्याआधीच वापरू लागतो, असा तो विचार. लेखक अपुऱ्या हस्तलिखिताला कादंबरीच म्हणतो. सुटे भाग खोक्यात घालून घरी आणलेल्या मेजाला आपण मेजच म्हणतो. नाव हे वस्तूच्या आजच्या स्थितीपेक्षा तिच्या योजनेला चिकटलेले असते.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. सांख्य म्हणतात, कार्य हे कारणात आधीपासून असतेच. तिळात तेल असते म्हणून घाण्यातून ते निघते, वाळूतून निघत नाही. नैयायिक म्हणतात, कार्य हे सर्वस्वी नवे उत्पन्न होते. मडके घडले नाही तोवर माती ती मातीच, तिच्यातून पाणी आणवत नाही. मिलिंद राजाला भदंत नागसेनांनी रथाविषयी विचारले होते, की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. आणि एकेका भागात रथ सापडत नाही, 'रथ' हा केवळ व्यवहारातला शब्द आहे, असे दाखवून दिले होते. परंतु हे तिन्ही पक्ष ठाणेदाराच्या उपयोगाचे नाहीत. सांख्यमत कायद्यात आणले तर भिलाईच्या झोतभट्टीपाशीच पोलीस बसवावा लागेल, कारण तेथल्या प्रत्येक लाटेत बंदूक सुप्तपणे आहेच. न्यायमत आणले तर शेवटचा स्क्रू बसेपर्यंत कोणी बोलू नये. आणि शेवटचा स्क्रू नेहमी मध्यरात्रीच बसतो. नागसेनांचे ऐकले तर बंदूक नावाची वस्तूच उरत नाही, मात्र गोळी लागलेला माणूस उरतो.

आपल्या देशाच्या कायद्याने या पेचातून आपल्यापुरती वाट काढली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग आणि ती तयार करण्याची यंत्रेही घातलेली आहेत. घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठीच असलेल्या वस्तू त्याच वाक्यात वगळल्या असून लाठीचा उल्लेख नावानिशी आहे. म्हणजे लोखंड किती टक्के घडले आहे असे हा कायदा विचारीत नाही. ते कशासाठी घडविले आहे असे विचारतो. परवान्यावाचून शस्त्र बनविणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. यास्तव अमेरिकन गृहस्थाचा छंद रायपुरात कोणी करू म्हणेल, तर तो छंद राहणार नाही.

तथापि, कायद्याने मनाई केली म्हणून नैतिक प्रश्न संपला असे समजणे ही आम्हां सरकारी नोकरांची सवय झाली, ते काही उत्तर नव्हे. हाच कायदा १८७८ मध्ये परक्या राज्याने केला होता. गोऱ्यांना त्यातून सूट होती. बंदी होती ती आपल्याला. गांधीजींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही त्या कायद्यावर कठोर टीका केली होती. तेव्हा 'घरी शस्त्र घडविणे वाईट' हे वाक्य कोणत्या वर्षी, कोणी, कोणाला उद्देशून उच्चारले, यावर त्याचा अर्थ पालटतो.

आम्ही ज्या प्रदेशात नोकरी करतो तेथे हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही. छत्तीसगड ही लोखंडाची भूमी आहे. या भागातील अगरिया लोक दगडातून लोखंड वितळवून काढीत. त्यांच्यावरील व्हेरिअर एल्विन यांचा ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाच ती विद्या ओसरू लागली होती. पुढे फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. आपल्या घरी ज्या दिवशी दिव्यांची अवस असते, त्याच दिवशी येथील शेतकऱ्यांची हरेली असते. महिन्याचे नाव ते श्रावण सांगतात, आपण आषाढ सांगतो, अमावास्या एकच. त्या दिवशी नांगर, कुदळ, विळा धुऊन त्यांची पूजा होते आणि गावचा लोहार दारोदार जाऊन चौकटीवर खिळा ठोकतो, घरात अनिष्ट शिरू नये म्हणून. खंडेनवमीला आपण शस्त्रांबरोबर लेखणी पुजतो, त्याच जातीचा हा भाव आहे. लोखंडाकडे आदराने पाहणाऱ्या समाजाला ठाऊक असते की एकाच ऐरणीवरून विळाही उतरतो आणि आणखीही काही उतरते.

ते 'आणखी काही' म्हणजे भरमार. तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरावयाच्या गावठी बंदुकीला बस्तरात हे नाव आहे. आपल्याकडे तिला ठासणीची बंदूक म्हणत. रानडुकरांपासून पिकाची राखण आणि शिकार एवढ्यासाठी ती घडविली जाई. गेल्या काही दशकांत त्या अरण्यात जो रक्तपात झाला, त्यातल्या जप्त आणि समर्पित शस्त्रांच्या याद्यांमध्ये अत्याधुनिक रायफलींच्या शेजारी ही भरमारही वारंवार आलेली आहे. डुकरासाठी बनलेली नळी माणसाकडे वळली. घडविणाऱ्या लोहाराला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी तो तेव्हा तेथे नव्हता.

आणि याच रायपूर शहरात १९४२ चा रायपूर षड्यंत्र खटला होऊन गेला. तेव्हा हे शहर मध्यप्रांत व वऱ्हाडात होते, राजधानी नागपूर होती. परसराम सोनी या तरुणाने इंग्रजी राज्याविरुद्ध शस्त्रे जमविण्याचा घाट घातला. त्यांना विद्या मिळाली ती गिरिलाल लोहार या कारागिराकडून. कारखाना नाही, परवाना नाही. हत्यारे गुप्तपणे हातांनी घडत होती. 'चले जाव'चा ठराव होण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या जुलैमध्ये फितुरीने बेत फुटला, धरपकड झाली, खटला चालला आणि सोनी व गिरिलाल या दोघांनाही दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. आज येथील लोक त्यांची नावे आदराने घेतात. आम्हीही घेतो.

आता कोणी विचारील, की मग अमेरिकन छंदिष्टाला नावे का ठेवावयाची? दोघेही घरीच काम करणारे, दोघांच्याही हत्याराला क्रमांक नाही, दोघेही म्हणणार की आमचा हेतू शुद्ध आहे. हा आक्षेप आम्हांला सहज झटकून टाकण्यासारखा वाटत नाही.

त्याचे उत्तर शोधताना आम्हांला गणपतीची मूर्ती आठवते. दुर्गजवळच्या थनौद गावचे मूर्तिकार मूर्ती घडवितात, तोवर ती माती असते. तिच्या किमतीवरून आपण घासाघीसही करतो. प्राणप्रतिष्ठा झाली की तीच माती देव होते आणि पैशाची भाषा तोंडातून निघत नाही. मातीत काडीचा फरक पडलेला नसतो. फरक पडतो तो संकल्पाने. मानवनिर्मित वस्तू संकल्पाने 'ती वस्तू' होते, हे गॉर्सच यांचे म्हणणे आपल्या आजीलाही मान्य झाले असते. परंतु आपल्या पूर्वजांनी तेवढ्यावर थांबून चालविले नाही. त्यांनी उत्तरपूजा ठेवली. ज्या संकल्पाने देव आणला, तो संकल्प विधिपूर्वक मागे घ्यावयाचा, आणि मग मातीला पाण्यात जाऊ द्यावयाचे. संकल्प करणारा आणि तो सोडणारा एकच.

बंदुकीला उत्तरपूजा नाही. घडविणाऱ्याचा हेतू त्याच्या मनात असतो. लोखंडात तो उतरत नाही. शेतकऱ्याने पिकासाठी, क्रांतिकारकाने देशासाठी, छंदिष्टाने करमणुकीसाठी घडविलेली नळी दुसऱ्याच्या हाती गेली, की तिच्याबरोबर तो हेतू जात नाही. घडविणारा मरतो, विसरतो, घर विकतो, त्याचा मुलगा वाईट संगतीला लागतो. बंदूक मात्र तेल लावून ठेवली तर शंभर वर्षे टिकते. मग घडविणाऱ्यामागून त्या वस्तूबरोबर जाऊ शकेल असे त्याचे काय आहे? त्याचे नाव, किंवा नावाऐवजी एक क्रमांक, एवढेच. तो क्रमांक गोळी थांबवीत नाही. परंतु 'हे कोणाच्या हातून आले?' या प्रश्नाला तो उत्तर देतो. आणि ज्या वस्तूविषयी हा प्रश्न विचारता येत नाही, ती अनाथ वस्तू असते. 'ऐंशी टक्के' या युक्तीतील खरा दोष आम्हांला येथे दिसतो. अपुरे लोखंड विकणे हे पाप नव्हे, पुरे करणे हेही सर्वत्र पाप नव्हे. पुरे होणार हे ठाऊक असून, ते अपुरे आहे या सबबीवर आपले नाव काढून घेणे, हा तो दोष आहे.

गिरिलालांनीही नाव लपविले होते, हे खरे. परंतु ज्या राज्याला विचारण्याचा अधिकार नव्हता, त्याच्यापासून ते लपविले होते. आणि वेळ आली तेव्हा त्या कामाचे मोल त्यांनी आपल्या आयुष्यातील वर्षांनी चुकते केले. आपण काय घडवीत आहोत याविषयी त्यांच्या मनात ऐंशी टक्क्यांची पळवाट नसावी, असे त्या शिक्षेकडे पाहून आम्हांला वाटते. यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती आपल्या अंगावर येणारी आहे. बंदूक घडविणाऱ्याकडे 'तुझे नाव घाल' अशी मागणी करण्याचा अधिकार ज्या राज्याला हवा असेल, ते राज्य स्वतःही आपल्या कृत्यांवर नाव घालणारे असले पाहिजे. नाहीतर त्याची नोंदवही ही १८७८ चीच नोंदवही होय.

हे राज्य म्हणजे कोण? दिल्लीत कोणी असेल ते असो; रायपुरात, बिलासपुरात, जबलपुरात ते राज्य म्हणजे पुष्कळ अंशी तुम्ही आणि आम्ही आहोत. आणि आपल्या कामाची रचना पाहिली, तर ती त्या सुट्या भागांच्या खोक्याहून फार निराळी नाही.

ईशापूरच्या रायफल कारखान्यात एक कामगार एकच भाग घासतो, दुसरा दुसरा. त्यांच्यापैकी कोणीही 'मी रायफल केली' असे म्हणत नाही, आणि तेथे ते ठीकही आहे, कारण अखेरीस पुऱ्या रायफलीवर क्रमांक पडतो आणि ती कोणाला दिली याची नोंद होते. कचेरीत काय होते? समजा, एका विधवेला कुटुंब-निवृत्तिवेतन काही वर्षे चुकीच्या हिशेबाने थोडे जास्त दिले गेले. चूक कचेरीची. हिशेबनिसाने आकडा दाखविला. त्याचे काम आकडा दाखविण्याचेच होते. लिपिकाने नियम उद्धृत करून 'आदेशार्थ सादर' असे लिहिले. अधीक्षकांनी 'प्रस्ताव नियमानुसार आहे' म्हणून आद्याक्षरे केली. साहेबांनी, खालून सर्व तपासून आले आहे म्हणून, सही केली. एके दिवशी त्या बाईच्या बँकेच्या पुस्तकात दरमहा कापली जाणारी रक्कम दिसू लागली आणि तिने औषध घेणे थांबविले. हत्यार तर पुरे झाले आणि चाललेही. पण ते केले कोणी? हिशेबनीस म्हणेल, मी नुसता भाग दिला. लिपिक म्हणेल, माझे ऐंशीच टक्के. साहेब म्हणतील, मी तर शेवटचा स्क्रू तेवढा बसविला. ही सर्व विधाने खरी आहेत, हीच त्यांतली भयंकर गोष्ट आहे.

येथे वाटते की तो अमेरिकन छंदिष्ट एका बाबतीत आपल्यापेक्षा वरचढ आहे. तो पुरी वस्तू पाहतो. तिचे वजन त्याच्या हाताला लागते. आपण घडवितो ते कोणाला तरी इजा करू शकते, हे त्याला विसरावयाचे म्हटले तरी विसरता येत नाही. आपल्याला मात्र ते विसरण्याची सोय फायलीतच करून ठेवलेली आहे. सर्वांचेच नाव असते, म्हणून कोणाचेच नसते. हल्ली फाइल संगणकावर चालते, प्रत्येक टिप्पणीखाली नाव, दिनांक, वेळ आपोआप उमटते. म्हणजे क्रमांक कोरण्याचे यंत्र आपल्याला मिळालेले आहे. परंतु यंत्राने उमटविलेले नाव आणि माणसाने घातलेले नाव यांत अंतर आहे. पहिले चौकशीच्या वेळी उपयोगी पडते, दुसरे लिहिण्याच्या वेळी.

याचा अर्थ लिपिकाने साहेब व्हावे, किंवा नियम बाजूला सारून दयेचा वर्षाव करावा, असा नव्हे. नियमाचा भाग त्याने नियमाप्रमाणेच घासावा. वाकडा घासलेला भाग हाही अपघातच करतो. त्याच्याकडून अपेक्षा इतकीच आहे, की आपला तुकडा कोणत्या वस्तूत बसणार आहे हे तो तुकडा हातावेगळा करण्यापूर्वी त्याने पाहावे, आणि दिसले ते टिप्पणीत लिहावे. वरील उदाहरणात, 'चूक कार्यालयाची आहे, लाभार्थीचे वय अमुक आहे, वसुली माफ करण्याचा अधिकार सक्षम अधिकाऱ्यास आहे, तो वापरावा किंवा कसे, याचा निर्णय व्हावा' अशी तीन ओळींची भर घालण्यास कोणताही नियम आड येत नाही. ती भर घातल्याने वसुली टळेलच असे नाही. पण मग साहेबांच्या हाती जो जातो तो नुसता भाग राहत नाही. पुरी वस्तू त्यांना दिसते, आणि सही करावयाची की नाही हे त्यांना ती वस्तू पाहून ठरवावे लागते.

बंदूक केव्हा होते, या प्रश्नाला सांख्यांनी, नैयायिकांनी आणि अमेरिकेच्या न्यायालयाने आपापली उत्तरे दिली. आमच्यापुरते उत्तर असे: ती वस्तू पुढे काय होणार हे ज्या क्षणी आपल्याला दिसते, त्या क्षणापासून आपल्यासाठी ती बंदूक होते, मग हातात तिचा पाव भाग असो की सारी. त्यानंतर तिला लोखंड म्हणणे, कागद म्हणणे, प्रस्ताव म्हणणे, हा शब्दांचा दोष नसून आपला असतो. उद्या सकाळी साडेनऊ वाजता आपल्यापैकी प्रत्येकासमोर एक अपुरी फाइल उघडेल. ती पुरी कोणीतरी करणारच आहे. तिच्यावर आपली दोन अक्षरे घालण्यापूर्वी, पुरी झाल्यावर तिचे तोंड कोणाकडे असेल, एवढे पाहण्यास फार वेळ लागत नाही.